बादलीतलं तापमान

आमच्या शेजारचे आजोबा मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कॅनडातल्या विंडसरमधल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात मी कामावरून यायच्या आत ते आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसून ठेवत. माझ्या मुलीने त्यांना ‘आजोबा’ म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या घरापुरतं तेच त्यांचं नाव झालं.

दर हिवाळ्यात ते बेसमेंटमध्ये बिअर करायचे. स्वतःच्या लग्नातही त्यांनी घरचीच बिअर वाटली होती. यंदा फेब्रुवारीअखेर त्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती, पार्टीही ठरली होती, पण कंबरेच्या ऑपरेशनमुळे जड भांडं उचलायची त्यांना बंदी.

“तू कर, बडी,” ते मला म्हणाले. “तीच चव हवी. माझ्या बायकोला ती ओळखू आली पाहिजे.”

मी कारखान्यात रंग वाळवायच्या भट्टीचं तापमान सांभाळतो. तेव्हा हे जमेलच, असं मी धरून चाललो. मोड आणून वाळवलेल्या जवाचं माल्ट त्यांनी सांगितलं तसं गरम पाण्यात भिजवलं, गाळून उकळलं, निववलं, यीस्ट घालून झाकणाच्या मोठ्या बादलीत ओतलं. बेसमेंटच्या भिंतीवरचा थर्मामीटर अठरा दाखवत होता. आजोबांनीही अठराच सांगितलं होतं. तरी थंडी बघून मला राहवेना. आमच्याकडे आंबायला ठेवलेलं भांडं थंडीत उघडं ठेवत नाहीत. विरजण असो की इडलीचं पीठ, त्याला ऊब द्यायची. मी आईने शिवलेली गोधडी आणली आणि बादली गळ्यापर्यंत गुंडाळली.

व्हिडिओ कॉलवर आईला मागे गोधडी दिसली.

“काय रे, बादलीला थंडी वाजतेय?”

“विरजण लावलंय, आई.”

“एवढं? गावजेवण आहे का?”

बायको मागून म्हणाली, “सांगा ना आईंना, तुमचा लेक दारू करतोय म्हणून.” आईला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल तर तिने दाखवलं नाही.

दोन आठवड्यांनी झाकण उघडलं, तेव्हा मुलगी नाक दाबून म्हणाली, “बाबा, इट स्मेल्स लाइक नेल पॉलिश.”

आजोबांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि गोधडीकडे बघितलं.

“यीस्ट काम करतं तेव्हा स्वतःच तापतं. त्यात तू त्याला कोट घातलास. आणि ताप कुणाचा मोजलास? भिंतीचा. पेशंट तर बादलीत होता.”

“भट्टीचे इंजिनिअर,” बायको म्हणाली.

पार्टीपर्यंत आणखी एक बॅच जेमतेम बसत होती. पुन्हा चुकलं असतं तर आजोबांना लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दुकानातली बिअर ओतावी लागली असती. या वेळी मी वायरच्या टोकाला सेन्सर असलेला थर्मामीटर आणला आणि आधी तोच तपासायचा ठरवला.

आमच्या गावच्या शाळेत एकच थर्मामीटर होता आणि मी आठवीत जाण्याआधीच तो फुटला होता. सरांनी फळ्यावर त्याचं चित्र काढलं, आम्ही वहीत उतरवलं. ‘वितळत्या बर्फात पारा शून्यावर येतो,’ हे मी पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. पुढे आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. भट्टीपाशी शेकड्यांतलं तापमान रोज बघतो. वितळत्या बर्फातलं शून्य मात्र कधी पाहिलं नव्हतं.

मुलीने अंगणातून पातेलंभर बर्फ आणला. त्यात थोडं पाणी घालून लगदा केला, सेन्सर बुडवला. आकडा उतरत गेला आणि दोनवर थांबला. ढवळलं, तरी दोनच.

“इट्स राँग,” मुलगी म्हणाली.

“नाही गं. शून्य इथेच आहे. आपला थर्मामीटर दोन जास्त दाखवतो, एवढंच.”

मला इतका आनंद झाला, की बायकोलाही बोलावून दाखवलं. तीही पातेल्यावर वाकून बघत राहिली. तिच्या शाळेतही चित्रच होतं.

नवी बॅच बादलीत भरली. सेन्सर बादलीच्या अंगाला चिकटवला आणि खोलीची हवा त्याला लागू नये म्हणून गोधडीच्या एका कोपऱ्याची घडी फक्त त्याच्यावर बांधली. बादली पाण्याच्या उथळ टबात ठेवली. आकडा विसाच्या वर, म्हणजे खऱ्या अठराच्या वर सरकला, की मुलगी बर्फाची बाटली पाण्यात सोडायची आणि वर ओरडून सांगायची, “पेशंट इज फाइन.”

पार्टीत आजोबांनी पहिला ग्लास स्वतः चाखला नाही, आजींच्या हातात दिला. आजींनी घोट घेतला, थांबल्या, आणखी एक घेतला. मग नवऱ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, “डॉक्टरने उचलू नको म्हणून सांगितलं होतं ना? तरी तूच केलीस.”

“मी हात लावला नाही,” आजोबा म्हणाले.

“पन्नास वर्षं हेच ऐकतेय.”

आजोबा काकुळतीला येऊन माझ्याकडे बघत होते. साक्ष द्यायला मी जरा वेळ लावला.