समोरच्या अंगणातला सडा

सडा टाकायला मी साठी उलटल्यावर शिकलो, तेही राग गिळत. उभं आयुष्य एसटीत कंडक्टरकी केली. लोकांना दरडावून पुढे सरकवायची सवय लागलेल्या माणसाने पहाटे शेणकाल्याची बादली घेऊन दारात उभं राहायचं, ही गोष्ट मला मानवणारी नव्हती. पण करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या उन्हाळ्यात मीच बायकोला घराबाहेर पडायची बंदी केली होती. तिला जुना दमा. चार पायऱ्या चढली तरी पंप ओढावा लागायचा. बंदी तिने मान्य केली, पण सड्यावर अडून बसली.

"घरात दोन जित्ती मानसं अन् आंगन कोरडं? मयत झालेल्या घरावानी?"

आमच्याकडे घरात मयत झाली की सडा-रांगोळी बंद होते. सुतकाचे दिवस अंगण तसंच कोरडं पडून राहतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता कळतं. तेव्हा मी मुकाट्याने बादली उचलली.

गोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव लहान. आमच्या गल्लीत तेव्हा सगळी पिकली पानंच उरली होती. पोरं नागपूर, रायपूर, हैदराबादला अडकलेली. मागच्या गल्लीत एकटा राहणारा एक म्हातारा तापाने घरात पडून होता, आणि लोकांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या बातमीने आम्ही सगळेच हादरलो. मग बायकोने खिडकीत बसून गल्लीत सगळ्यांना फोन केले आणि एक नियम ठरवला. ऊन चढायच्या आत ज्याच्या दारात सडा पडला नाही, त्याला लांबून हाक मारायची. ओ आली नाही तर आरोग्य केंद्राच्या आशाताईला कळवायचं. नियम चांगला होता. मी मनातल्या मनात बायकोला शाबासकी दिली, तोंडावर अर्थातच नाही.

मला सडा शिकवला समोरच्या वैनींनी. नात्याच्या नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना वैनीच म्हणायची. सत्तरी पार केलेली विधवा बाई, घरात एकटी, मुलगा हैदराबादला. रोज सकाळी आपला सडा आटपून त्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि माझी परीक्षा घ्यायच्या.

"भाऊजी, सडा टाकून राहिले का तिकीट फाडून राहिले? हात सैल सोडा ना जरा."

त्यांचा सडा बघण्यासारखा असे. ओंजळीतून पाणी पंख्यासारखं फाकायचं आणि अंगणाच्या पार टोकापर्यंत जायचं. एक कोपरा कोरडा राहत नसे. मी चिडायचो, पण दुसऱ्या दिवशी तसाच हात फिरवून बघायचो.

वैनी एका गोष्टीला मात्र फार घाबरत. त्यांच्या भावाला गोंदियाला कोविड सेंटरवर नेलं होतं, तो परत आलाच नाही. कोणाला तोंडही बघायला मिळालं नाही. "मले काही झालं तं घरातच मरू द्या," असं त्या आम्हाला बजावून सांगायच्या.

एका सकाळी मी माझा सडा टाकून समोर पाहिलं. वैनींच्या उंबऱ्यापुढे ओल दिसत होती, पण त्या दारात नव्हत्या. म्हटलं, असतील कामात. दुसऱ्या दिवशीही नव्हत्या. लांबून ओल दिसत होती म्हणून गल्ली निश्चिंत होती. माझा मात्र जन्म गेला होता बिनतिकिटाचे चेहरे ओळखण्यात. मला काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर परत पाहिलं. ओल वाळली होती आणि जमिनीवर शेणाचा मागमूसही नव्हता. नुसतं पाणी टाकलेलं. म्हणून मी चौथ्या दिवशी त्यांच्या कुंपणापर्यंत गेलो. पाणी उंबरठ्यापासून जेमतेम हातभर पुढे पडलं होतं, अर्ध्या भाकरीसारख्या आकारात. पुढचं सगळं अंगण धुळीचं. उभ्या माणसाचं पाणी असं पडत नाही. बाई उंबरठ्यावर बसून, नाहीतर आडवी पडून, हात पोचेल तिथपर्यंत पाणी फेकत होती.

मी हाक मारली. आतून आवाज आला, "बरी आहो भाऊजी. कायले आरडून..."

पुढचं 'राहिले' आलंच नाही. तेवढ्या वाक्याला दम पुरला नाही.

मी माघारी वळलो, तर बायको खिडकीत उभी. तिने सगळं ऐकलं होतं. हातात पंप होता.

"आशाताईला फोन केला मी," ती म्हणाली. "ती दुसऱ्या गावात आहे. गाडी पाठवते म्हणते. पन कधी येईल ते तिलेबी ठाऊक नाही."

"तवर मी जातो आत."

"अन् मग घरात कसे याल?"

आत गेलो तर ते दुखणं माझ्या अंगाखांद्यावरून हिच्या छातीत उतरणार, आणि हिच्या छातीत जागा नव्हती. नाही गेलो तर समोर एक बाई दारात पडून होती. मला दोघींचाही राग आला, आणि तो नियम पाळून निश्चिंत बसलेल्या गल्लीचाही. बायको खिडकीतून नाहीशी झाली. जरा वेळाने दार किलकिलं झालं आणि माझी गादी, उशी, चादर दारापुढच्या छपरीत येऊन पडली. मागून पाण्याचा तांब्या.

"जा आता," ती आतून म्हणाली आणि कडी लावली.

मास्कवर दुपट्टा गुंडाळून मी वैनींच्या घरात शिरलो. त्या दाराशीच चटईवर पडल्या होत्या, बादली उशाशी. ओठ निळसर झाले होते. मला बघून म्हणाल्या, "सडा तं टाकला होता ना मी."

"टाकला, वैनी. पन शेन कुठं आहे त्यात?"

त्या हसायला गेल्या आणि खोकल्या. त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. पाणी पाजलं. बराच वेळ गेला. गाडीचा आवाज आला तसा त्यांनी दाराची चौकट धरली आणि सोडेनात. माझ्याच्याने ती बोटं ओढून काढवेनात.

"कोरडं पडंल आंगन. लोक म्हनतीन, म्हातारी मेली."

"नाही पडनार. तुम्ही येतपर्यंत मी टाकतो."

"शेन घालून?"

"शेन घालून. कोपरेबी धरीन."

मग त्यांनी चौकट सोडली.

गोंदियाला त्यांना बेड मिळाला. मी छपरीत राहू लागलो. बायको खिडकीतून ताट सरकवायची आणि मी ताटापेक्षा तिचा श्वास जास्त ऐकायचो. रोज दोन अंगणं करायचो, आधी त्यांचं, मग आमचं. त्यांचा मुलगा संध्याकाळी फोन करायचा. कधी म्हणायचा, ऑक्सिजन कमी केला. कधी म्हणायचा, परत वाढवला. गल्लीतलं कोणी मला तब्येत विचारत नसे. सकाळी दारं उघडायची, म्हातारे वैनींच्या अंगणाकडे बघायचे, ओल दिसली की आत जायचे. माझा हातही तोवर बरा बसला होता. त्या आल्यावर काय म्हणतील, याचा मी सडा टाकताना विचार करायचो.

त्या दिवशी बादलीत शेण कालवत असतानाच फोन वाजला. इतक्या सकाळी तो कधी करत नसे.

"काका, आई गेली."

काला दोन अंगणांचा झाला होता. मी त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. येईपर्यंत टाकतो म्हणालो होतो. त्या येणार नव्हत्या आणि त्या घरात मयत झाली होती. ओंजळ भरली, ती परत बादलीत सोडली. मग आमच्या दारात आलो आणि तेवढाच सडा टाकला. अर्धी बादली उरली, ती पायरीवर ठेवली आणि छपरीत बसून मी रडलो.

एकेक दार उघडत गेलं. लोकांनी समोर पाहिलं. पलीकडच्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आमचीही कडी वाजली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बायको बाहेर आली. मी म्हणालो, "अजून माझे छपरीतले दिवस भरायचे आहेत."

"राहू द्या. आत चला."

तिने वाकून माझी गादी उचलली आणि तिला खोकला आला. एकदाच. ती गादी छातीशी धरून तशीच उभी राहिली, मीही हललो नाही, आणि दुसरा खोकला येतो का ते आम्ही दोघं ऐकत राहिलो.