सुतकातला टीव्ही

आईचे दिवस व्हायचे होते, तरी बाबांनी टीव्ही लावला. पडद्यावर नेहमीचे चार विनोदवीर एकमेकांची खेचत बसले होते.

"दादा, सुतकात टीव्ही?" आत्या दारातूनच म्हणाली. बाबांनी आवाज वाढवला.

या कार्यक्रमात गुण देतात, पण जिंकायला कुणी आलेलंच नसतं. ज्याची सगळ्यात जास्त खेचतात, तोच मोठ्याने हसतो. आई त्यांच्यातली पाचवी. सोफ्यावरून तिचं उत्तर त्यांच्याआधी तयार असायचं. तिच्यासाठी गप्प बसायचं? छे!

एकाने दुसऱ्याच्या टकलावरून टोमणा मारला. आमची नजर सवयीने सोफ्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे गेली.

"आधी स्वतःचं पोट बघ, मेल्या!" आत्याच फटकन बोलली.

बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शेजारी ऐकत असतील म्हणून मी खिडकी सताड उघडली.