दाजींनी बसवलेला रेग्युलेटर

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, जगातली प्रत्येक गोष्ट नळ वाटते. एकतीस वर्षं ते पाणीखात्यात प्लंबर होते. त्या काळात अर्ध्या शहराच्या न्हाणीघरांना त्यांचे पाय लागले असतील, आणि जिथे लागले तिथे थोडी अक्कलही सांडून आले. हृदय म्हणजे शेवटी पंपच, असं ते डॉक्टरांनाच ऐकवायचे. आमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सर्जन बाहेर आल्याबरोबर यांनी विचारलं, आत वॉशर कसला टाकलात. सर्जन हसला. दाजी हसले नाहीत, कारण त्यांना उत्तर हवं होतं.

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे टेफलॉन टेपचं रीळ ठेवतात. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात तो पांढरा, पातळ टेप. ताईच्या चष्म्याची काडी, सुरीची मूठ, दाराची कडी, घरात हात लावाल तिथे तो गुंडाळलेला. गळत नसलेल्या वस्तूलाही ते दोन वेढे देऊन ठेवतात, पुढेमागे गळलीच तर म्हणून.

निवृत्त झाल्यावर हा माणूस निवांत पेपर वाचत बसेल असं आम्हाला वाटलं होतं. कसलं काय. एक जुनी छोटी गाडी होती त्यांच्याकडे, चढावर धापा टाकणारी. तिला टर्बो बसवायचा घाट त्यांनी घातला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून.

मी मेकॅनिक. त्यांच्या घरापासून चार गल्ल्यांवर माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. ताईने सांगितलं म्हणून टर्बो मी बसवून दिला. राहिलं पेट्रोलच्या दाबाचं काम. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, तर त्या प्रमाणात पेट्रोलही जोरात जायला हवं. त्यासाठी मुठीएवढा एक रेग्युलेटर लागतो. पंपाने आणलेल्या पेट्रोलमधलं इंजिनला हवं तेवढं ठेवून तो उरलेलं टाकीत परत धाडतो. डोक्यावरचा स्क्रू पिळला की दाब वाढतो. शेजारी हवेची एक बारीक नळी असते. टर्बो जितका जोर लावेल तितकाच पेट्रोलचा दाब वर चढतो, तो हिच्यामुळे.

"हे मी करणार," दाजी म्हणाले. "पाइप आले की तू बाजूला व्हायचंस."

माझ्याच गॅरेजमध्ये उभं राहून म्हणाले. तीन गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्याकडे वळून पुढे म्हणतात कसे, "आमचा मेहुणा नटबोल्ट आवळायला उत्तम आहे हो. पण दाब ही वेगळी विद्या आहे." त्यातला एक जण फिसकन हसला. तो आजही भेटला की विचारतो, काय, दाबाचं जमायला लागलं का. मला तेव्हा राग आला होता. आजही येतो, खोटं कशाला सांगू.

रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात जुनी चादर अंथरून काम सुरू झालं. सोबत त्यांचे खात्यातले एक दोस्त, आम्ही त्यांना मीटरवाले म्हणतो. या गृहस्थांचं काम एकच, दाजी बोलले की मान हलवायची. नळ्यांची मांडणी दाजींनी झकास केली होती, हे मान्य करताना माझी जीभ जड होते. वीत वीत अंतरावर क्लॅम्प, कुठे पीळ नाही, कुठे घासणं नाही, तापणाऱ्या भागांपासून अंतर राखून. म्हटलं, चला, एकतीस वर्षांत एवढं तरी शिकलात.

मग ते इंजिन चालू ठेवून स्क्रू पिळायला लागले. मी सांगितलं, "दाजी, दाब ठरवताना ती हवेची नळी काढून ठेवायची. नाहीतर दाब दाखवणारं गेज खोटं सांगतं."

"घरात पाण्याचा दाब बघायचा, तर आधी घरची लाइन तोडून बघतोस का तू?" मीटरवाल्यांकडे डोळा मारत दाजी म्हणाले. मीटरवाल्यांनी मान हलवली. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि इथे तर दोन डबकी शेजारी शेजारी.

पुन्हा तोंड उघडायचं नाही असं मी तिथेच ठरवलं. ते ठरवून दोन मिनिटं झाली नसतील, तोच मला तो टेप दिसला. रेग्युलेटरला नळी जिथे जोडली होती, त्या नटाच्या कडेतून पांढरी किनार डोकावत होती. असल्या जोडात आटे थेंब अडवत नाहीत. धातूचं निमुळतं तोंड धातूवर घट्ट बसतं, ते अडवतं. आटे फक्त ओढून धरतात. त्यात टेप घातला की तोंडाशी तोंड भिडत नाही, आणि नट मात्र हाताला घट्ट लागतो. ही चूक मेकॅनिक करत नाही, अडाणीही करत नाही. ती करायला एकतीस वर्षांचा अनुभव लागतो.

दाजींनी कोरडा कागद प्रत्येक जोडाखालून फिरवला. "एक थेंब दाखव," मला म्हणाले, "मिशी उतरवीन." थेंब नव्हताच. उभ्या गाडीत तो येणारही नव्हता. पण आता ते गाडी पाण्याच्या टाकीच्या चढावर पळवून बघणार होते; तिथे टर्बोने जोर धरला, पेट्रोलचा दाब वर गेला, की तो जोड दगा देणार हे मला समोर दिसत होतं. मी मूग गिळून बसलो. मनात धरलं होतं ते एवढंच, की वास येईल, दाजी घाबरून गाडी थांबवतील, आणि चढ उतरून, चार गल्ल्या तुडवून माझ्या दारात येतील. आगीचं माझ्या मनात नव्हतं, असं मी स्वतःला बजावत होतो. पेट्रोल आणि तापून लालबुंद होणारा टर्बो शेजारी असताना बावीस वर्षांच्या मेकॅनिकच्या मनात आग येत नाही, हे कोणाला पटावं?

तेवढ्यात ताई वही आणि चष्मा घेऊन बाहेर आली आणि गाडीचं पुढचं दार उघडलं.

"तू कुठे निघालीस?" मी विचारलं.

"अरे, आकडे कोण वाचणार? यांचं लक्ष रस्त्यावर." गेज काचेच्या बाहेरून चिकटवलेलं होतं, डावीकडे. चालवणाऱ्याला ते दिसत नाही, शेजारी माणूस लागतोच.

"मीटरवाल्यांना बसू दे. त्यांचं कामच ते."

"त्यांना जवळचं दिसत नाही," ताई म्हणाली, आणि आत बसली.

"घाबरू नकोस," दाजी म्हणाले. "तुझी बहीण तुला जशीच्या तशी परत देतो."

मीटरवाले माझ्याकडे बघून हसत होते. ते हसत नसते तर मी बोललो असतो, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. नट खोला, टेप काढा, एवढे चारच शब्द होते. मी म्हणालो, "सावकाश जा." ताईने दार लावलं, काच खाली केली आणि मला वही हलवून दाखवली.

गाडी पाण्याच्या टाकीच्या चढाकडे वळली आणि मी धावलो. स्कूटर काढली, आधी गॅरेज गाठलं, भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर उपसला, दोन पायांमध्ये धरला आणि चढाला लागलो. वाटभर मी दाजींना शिव्या घालत होतो. दुसऱ्या कोणाचं नाव जिभेवर येऊ द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या वळणावर गाडी आडवी उभी. बॉनेटच्या फटीतून जाळ. ताई रस्त्याच्या पलीकडे, वही छातीशी धरून, एका पायात चप्पल. दाजींनी आधी चावी बंद केली होती, म्हणजे पंप थांबला. मग तिला ओढून बाहेर काढलं होतं, आणि मग बॉनेटला हात घातला होता. उजवा तळवा सोलून निघाला होता. मी सिलिंडर रिकामा केला. अर्ध्या मिनिटात आग विझली आणि सगळं पांढऱ्या भुकटीत बुडालं.

पाचसहा माणसं जमली. दाजी फुटपाथच्या कडेला बसले होते, हात वर धरून.

"तिथे टेप लावायचा नसतो, नाही का?" ते मला म्हणाले. "बॉनेट थोडं उचललं, तर जाळ त्या नटापाशीच दिसला. तुला विचारायला हवं होतं रे. माझंच चुकलं."

हेच ऐकायला मी सकाळपासून आसुसलो होतो. ऐकलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांचं मात्र संपलं नव्हतं. जमलेल्या लोकांना सांगत सुटले, "हा माझा मेहुणा. सिलिंडर घेऊन मागून आला. एवढं आमच्यात कोणाला सुचलं नाही."

ताई त्या सिलिंडरकडे बघत होती.

"हा कुठला?" तिने विचारलं.

"गॅरेजमधला."

"म्हणजे आम्ही निघालो, आणि तू आधी गॅरेजला गेलास." ती हळूच बोलली, दाजींना ऐकू जाणार नाही असं. "तुला माहीत होतं."

"ताई, मला वाटलं ते एकटेच जातील."

हे वाक्य मी का बोललो, देव जाणे. न बोलणं परवडलं असतं. ती म्हणाली, "मी तुझ्यासमोर दार लावलं." आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसली. पुढे त्यांना ती यातलं काही बोलली नाही, आजवर नाही.

गाडी मी दुरुस्त केली. वायरिंग नवं, नळ्या नव्या, प्रत्येक जोड धातूला धातू भिडवून, दोनदा तपासून. हवेची नळी काढून दाब ठरवला, गेजवर बरोबर त्रेचाळीस. दाजी शेजारी स्टूलवर बसून बघत होते, हाताला पट्टी, आणि मी मागेन तो पाना डाव्या हाताने देत होते. काम झाल्यावर मी पुढचं दार उघडून धरलं आणि ताईला म्हणालो, "चल, एक चक्कर मारू. आता काळजीचं काही नाही."

ताई बाहेर आली. माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही एकदा सगळे जोड बघून घ्या."