चौघांचे पैसे एका बाईच्या हाती

तुमची आई फोनवर म्हणाली, "या वेळी पैसे कमी आले रे," तर तुम्ही आधी कोणाची कॉलर धरणार?

खोटं बोलू नका. जो सगळ्यांत जवळ झोपतो, त्याचीच. रंगाऱ्यानं तेच केलं.

एका खोलीत चौघं राहायचे. गवंडी, वेल्डर, रंगारी आणि एक ड्रायव्हर. सगळे एकाच गावचे, परदेशात कामाला आलेले. गवंड्याला खोलीत ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ उठते आहे का ते बघायला गवंडी दोऱ्याला वजन बांधून सोडतो ना, तोच ओळंबा. माणूसही तसाच, बोलायला सरळ, वागायला सरळ. "आणि तोंडही तसंच, कायम खाली लोंबलेलं," असं वेल्डर म्हणायचा, आणि ओळंबा सोडून सगळे हसायचे.

पैसे पाठवणाऱ्या दुकानाची लबाडी तुम्हाला ठाऊक असेल. थोडे पाठवा की जास्त, कमिशन तेवढंच. म्हणजे ज्याची कमाई कमी, त्याच्याच खिशाला कात्री. त्या काउंटरवर मी इतकी भांडले आहे की मला बघून तिथला पोरगा आधी पाण्याचा ग्लास पुढे करतो. या चौघांनी त्यावर तोड काढली होती. चौघांचे पैसे एकत्र करायचे आणि ओळंब्याच्या नावानं एकदाच पाठवायचे. गावात ओळंब्याची बायको ते घ्यायची आणि बाकीच्या तिघांच्या घरी स्वतः जाऊन ज्याचे त्याच्या हातात द्यायची. पावती नाही, सही नाही. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग रंगाऱ्याच्या आईचा तो फोन झाला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, "कमीच आले रे."

खुंटीवर टांगायची पँट रंगारी उशीखाली घेऊन झोपायला लागला. ड्रायव्हरनं आपल्या ट्रंकेला नवं कुलूप आणलं. सकाळचा चहा ओळंबा करायचा, तो कपातच गार व्हायचा, वर साय धरायची. ओळंबा कप विसळून ठेवायचा.

शेवटी रंगारी माझ्या ऑफिसात आला. इथल्या आपल्या कामगारांची गाऱ्हाणी मी ऐकते, आणि ऑफिस म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची खोली, दोन खुर्च्या आणि माझा आवाज.

"ताई, तुम्हीच विचारा ओळंबेकाकांना. मी विचारलं तर भांडण होईल."

"आणि मी विचारलं तर तो माझ्या गळ्यात पडून रडणार आहे का?"

माझा पहिला संशय दुकानावर. जाऊन टेबल ठोकलं. पण पैसे पुरेपूर पोचले होते. दुकान निर्दोष निघालं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. मग उरला एकच हात.

सुट्टीच्या दिवशी खोलीवर गेले. ओळंबा थापी धूत बसला होता. मला आडवळण जमत नाही.

"दादा, वहिनी याच्या आईला पूर्ण पैसे देतात का?"

"देते."

"कशावरून?"

"माझी बायको आहे म्हणून."

वेल्डर कॉटवरूनच म्हणाला, "काका, बायको तुमची आहे. पैसे याचे आहेत."

ते ओळंब्याला लागलं. त्यानं फोन उचलला, बायकोला लावला, स्पीकर चालू करून कॉटवर ठेवला. "घ्या, ऐका," म्हणाला.

"रंगाऱ्याच्या आईला सगळे पैसे देतेस ना?"

तिनं उलट विचारलं, "तिथं कोण कोण ऐकतंय?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कोणी नाही. हा ओळंबा. "सगळेच," म्हणाला.

"मग मी काही सांगणार नाही." फोन बंद.

आता सांगा, तुम्ही काय समजला असता? मीही तेच समजले. चोर सापडला. पण मी बघत होते ओळंब्याकडे. तो फोनकडे बघत होता.

"मागच्या पावसाआधी घरावर नवे पत्रे टाकले म्हणाली होती," तो हळूच म्हणाला. "मी विचारलं नाही, पैसे कुठून आणलेस." आणि मग रंगाऱ्याला, "किती कमी आले ते सांग. माझ्यातले भरून देतो."

त्या घटकेपर्यंत त्याच्या बायकोवर संशय घ्यायचो आम्ही. आता तोही घ्यायला लागला.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, रंगारी कामावरून थेट माझ्याकडे आला. अंगावर सगळा रंग, हातात ब्रश तसाच. ओळंब्याच्या बायकोच्या नंबरवरून फोन आला होता आणि बोलली त्याची आई.

"मी एकटी आहे, तुझी काकू आपला फोन देऊन बाहेर उभी आहे," आईनं सांगितलं. "घरी तू फोन करतोस तेव्हा फोन तुझ्या थोरल्या भावाच्या हातात असतो, स्पीकर लावून. पैसे आले की हिसकावून घेतो आणि पत्त्यांच्या जुगारात घालवतो. म्हणून मीच काकूला म्हटलं, थोडे तुझ्याकडे ठेव, माझ्या औषधाला. आणि त्याच्या कानावर पडावं म्हणून तुला म्हणायची, कमी आले."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार? तू कधी विचारलंस, जवळ कोण आहे म्हणून?"

काकूनं आईला शब्द दिला होता, कोणाला सांगणार नाही. आणि वेल्डरसमोर बोललेलं गावात त्या मोठ्या पोराच्या कानावर किती लवकर जातं, तेही काकूला ठाऊक होतं. पत्रे? ते तिनं लोकांचे कपडे शिवून मिळवलेल्या पैशांतून टाकले होते.

रंगारी ओळंब्याच्या पाया पडायला गेला. ओळंब्यानं पाय मागे घेतले. "माझी कसली माफी मागतोस? तिची माग. मलाही तीच मागायची आहे."

तिनं दोघांनाही एकच उत्तर दिलं. "पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या कोणाच्या बायकोला सांगा. चार माणसांसमोर सरळ की वाकडी ते बघून घ्यायला मी भिंत नाही. म्हातारीचं औषध मात्र मीच आणत जाईन."

आता चौघं वेगवेगळे पैसे पाठवतात, चार वेळा कमिशन भरतात. दुकानातला पोरगा मला बघून हसतो, आणि पहिल्यांदाच मला त्याच्याशी भांडायला काही सुचत नाही. ओळंबा बायकोला रोज फोन लावतो. ती विचारलं तेवढंच बोलते. तो जिन्यात जाऊन उभा राहतो, फोन कानाला गच्च लावून.

म्हणून एक मागते. आज घरी फोन लावाल तेव्हा पैसे मिळाले का, हे नंतर विचारा. आधी तुमचा स्पीकर बंद करा आणि विचारा, "आई, जवळ कोण बसलंय?" ती घुटमळली तर कोणावर ओरडू नका. तिला सांगा, शेजारणीच्या फोनवरून एकटी असताना बोल. आणि तो फोन येईपर्यंत कोणाच्याही बायकोचं नाव तोंडातून काढू नका.