तुरटी फिरवलेला पॅरामेशियम

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी कोल्हापुरात एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास असेल तर लेक्चरर, नसेल तर घरची सून. लग्नाकार्यात मात्र "आमची सून प्रोफेसर" अशी ओळख व्हायची आणि मी पदर सावरून कायम नोकरीवाल्या बाईसारखी हसायची.

एका पावसाळ्यात गारगोटीकडच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. मुलाखतीत पाठ घ्यायचा होता. मी पॅरामेशियम निवडला, पाण्यातला एकपेशीय जीव. फळ्यावर चित्र काय, सगळेच काढतात. मी तो जिवंत दाखवणार होते. रंकाळ्याचं पाणी बरणीत घेतलं, त्यात उकळलेलं भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, घातलं आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. काही दिवसांत घरभर वास सुटला. नवरा म्हणाला, "नोकरी लागली तर बरंच आहे. नाहीतर आपण घर तरी बदलू."

माझ्या बाजूने एकट्या सासूबाई होत्या; मी त्यांना आत्या म्हणायची. कॉलेजातून आणलेल्या जुन्या मायक्रोस्कोपला डोळा लावून त्या रोज बघायच्या.

"चपलेगत हाय की गं!"

"तसंच म्हणतात त्याला, आत्या. फक्त कोल्हापुरी नव्हे, अंगठा नाही."

मी त्यांना सगळं दाखवलं. अंगभर बारीक केस, ते वल्ह्यांसारखे मारत स्वतःभोवती फिरत पुढे जाणं. कुशीतली खाच, तिथून आत जाणारं अन्न. आणि दोन टोकांच्या दोन पोकळ्या, आळीपाळीने फुगणाऱ्या, मिटणाऱ्या. गोडं पाणी सारखं आत झिरपतं. ते उपसून बाहेर टाकलं नाही तर जीव फुटून मरेल.

"म्हंजे जल्मभर पाणीच उपसायचं?" त्या म्हणाल्या. "बाईमाणूस दिसतंय."

पिंजराच्या काडीला धडकला की तो जरा मागे सरकायचा, किंचित वळायचा, पुन्हा पुढे. पुन्हा धडक.

"आन् दमत न्हाय व्हय?"

मला माझ्या आजवरच्या मुलाखती आठवल्या. मी भिंग पुसत बसले.

मुलाखतीच्या सकाळी बरणी उचलली, तर पाणी काचेसारखं स्वच्छ. सगळा गाळ तळाला.

"तुरटी फिरवली," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "सायबापुढं असलं गढूळ पाणी नेतीस व्हय?"

पावसाळ्यात नळाला लाल पाणी आलं की आमच्या गल्लीत घागरीघागरीत तुरटी फिरते. घरच्या पाण्याची घेतात तीच काळजी त्यांनी माझ्या पाण्याची घेतली होती. तुरटीने हे जीव जगत नाहीत, हे घरात फक्त मला माहीत होतं. "बरं केलंत," म्हणाले आणि एसटी गाठली. एखादा तरी वाचला असेल, असं वाटत होतं.

बरणी मांडीवर बघून कंडक्टर म्हणाला, "काय हाय वो बाई, तूप?"

"प्राणी आहेत. जिवंत."

त्याने तिकिटं थांबवली, वाकून, डोळे बारीक करून निरखून बघितलं. "दिसंनात की!"

तिथल्या कॉलेजात तळाचा थेंब काढून स्लाइड केली आणि त्यांच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. सगळे होते. पण गप्प पडलेले, काही फुटलेले. काडीला धडकायलाही एक हलत नव्हता. माझ्या आधीच्या उमेदवाराला आत चहा चालला होता आणि समितीतले त्याच्या वडिलांची तब्येत विचारत होते.

मी पाठ घेतला. शेवटी मायक्रोस्कोपकडे हात करून म्हणाले, "सर, बघता?" तुरटीचं काय सांगायचं, ते मनात जुळवून ठेवलं होतं.

अध्यक्ष खुर्चीतून उठलेच नाहीत. तिथूनच चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "व्वा! काय पळतायत बघा!"

बाजूच्या दोघांनी माना हलवल्या. "पळतायत, पळतायत."

जागा कुणाची, ते मला तेव्हाच कळलं. मी "थँक्यू सर" म्हणाले आणि मेलेले पॅरामेशियम पिशवीत भरले.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "दिसली का सायबास्नी?"

"दिसली."

"पळत हुती?"

"लई पळत होती म्हणाले."

"मग!" त्यांचा चेहरा फुलला. "तुरटीनं पाणी निवळलं म्हणून दिसली. न्हायतर त्या गढुळात काय दिसणार हुतं त्यास्नी? आता नोकरी कुठं जात न्हाय बघ."

मी हो म्हणाले आणि बरणी मोरीत ओतून दिली.