खाराच्या पाण्यातले दोन खिळे

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी लोणारजवळच्या बीबी गावाकडच्या एका खेड्यात विज्ञानाचा मास्तर म्हणून अडकलो होतो. अडकलो हाच शब्द. नागपूरला पुढे शिकायला माझा नंबर लागला होता, पण माझी प्रमाणपत्रं शाळेच्या अध्यक्षांच्या कपाटात कुलूपबंद. मागायला गेलो की ते चहा पाजत आणि विषय बदलत. एकदा म्हणाले, "गुर्जी, शाळेले विज्ञानाची मान्यता आणून द्या, मंग तुमी मोकळे."

मान्यतेसाठी तालुक्याहून साहेब येणार होते. त्यांना पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवायचा होता. पुस्तकात प्लॅटिनमच्या पट्ट्या, आमच्याकडे खिळे! मिठाच्या पाण्यात दोन खिळे सोडून ट्रकच्या बॅटरीला जोडले. बुडबुडे आले, पण एक खिळा झिजत गेला आणि पाण्याचा तांबडा चिखल झाला. आठवडाभर हेच. शेवटी वैतागून मी तो चिखल अंगणात फेकला.

घरमालकीण मावशी पापड लाटत होत्या. माहेर त्यांचं लोणारचं, खाऱ्या सरोवराच्या काठचं.

"काय टाकता जी पाण्यात?"

"मीठ."

"मीठ काऊन? मीठ तं लोखंड खाते. आमी पापडाचा खार लोखंडी कढईतच उकळतो. तिले कधी जंग लागला का?"

मी पदवीधर, आणि मला हे सुचलं नव्हतं! लाज वाटली, पण खार मागून घेतला आणि मिठाऐवजी पाण्यात टाकला. पाणी नितळ राहिलं. खिळ्यांना काही झालं नाही.

साहेबांसमोर वायू धरलेल्या नळीच्या तोंडाशी पेटती काडी नेली. पट्ट! साहेब दचकले, मग खूश झाले. मान्यता मिळाली. मी ट्रंक भरून ठेवली.

मान्यतेचं पत्र आलं त्या दिवशी अध्यक्षांनी ते माझ्यापुढे सरकवलं. खाली अट होती: शाळेत विज्ञानाचा पदवीधर शिक्षक कायम हवा. पंचक्रोशीत तसा मी एकटाच.

"आता तुमाले कसं सोडू, गुर्जी?" ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. माझ्या पायावर मीच धोंडा पाडून घेतला होता. घरी येऊन मी रडलो. मावशींनी ताट वाढलं.

मी त्याच शाळेतून निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी प्रमाणपत्रं हातात आली, तेव्हा त्यांच्या कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या. प्रयोगशाळेच्या फळीवर, खाराच्या बरणीतले ते दोन खिळे मात्र होते तसेच होते.