रिकामा फ्लॅश

राहू-खुटबाव भागात लग्न असो की बारसं, फोटो काढायला एकच फोटोग्राफर यायचा. गळ्यात कॅमेरा, बुडाखाली लुना. पंगतीत बसला तरी आधी पत्रावळ उजेडाकडं फिरवून न्याहाळायचा, मग घास घ्यायचा. स्टेजवर उगाच मिरवणाऱ्यांना तो नुसता फ्लॅश मारायचा. आत फोटो उठायचाच न्हाई. रोल वाचवायची ही लबाडी मला ठाऊक होती, म्हणून माझ्या मनातून तो उतरला होता.

मग गावात फुकट चष्म्यांचं शिबिर झालं. सदऱ्याचं बटण लावायचं तरी सुईत दोरा मला सुनेकडून ओवून घ्यावा लागायचा. चष्मा हवाच होता. पण शिबिर भरवणाऱ्या पुढाऱ्याची अट अशी, की त्याच्यापुढं हात करून चष्मा घेताना फोटो निघाला पाहिजे.

मी म्हणालो, "जन्मात हात पसरला न्हाई. ऱ्हाऊ द्या तुमचा चष्मा."

वळून निघालो, तसा फोटो काढायला आलेला तो फोटोग्राफर जवळ आला आन् हळूच म्हणाला, "आबा, घ्या चष्मा. तुमच्या येळेला फ्लॅश रिकामा मारतो."

मी हात पुढं केला. लख्ख उजेड पडला. पुढारी हसला.

पुढं ग्रामपंचायतीत फोटो लागले, त्यात मी नव्हतो. पुढाऱ्यानं त्याला चारचौघांत झापलं, "कसला रे फोटोग्राफर तू?"

"चुकलं साहेब," एवढंच तो बोलला. पुढच्या शिबिराचं काम दुसऱ्याला गेलं.

मी त्याला घरी जेवायला बोलावलं. फेटा बांधला, चष्मा लावला, दारात ताठ उभा राहिलो आन् म्हणालो, "आता काढ. पण भरलेला काढ."